अंकुर सरांच्या उलट

पुष्पाबाई वासनिक सौंसरच्या सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होत्या. निवृत्तीनंतर पहिला महिना त्या झोपल्या, दुसरा महिना नवऱ्याशी भांडल्या. तिसऱ्या महिन्यात नागपूरहून मुलगी प्रज्ञा आली. तिनं आईच्या मोबाइलवर शेअरबाजाराचं खातं उघडून दिलं आणि बजावलं, "आई, पैसे थोडेच टाक. डोकं मात्र पुरं घाल. बाबांना जरा उसंत मिळू दे."

शिकायचं तर गुरू पाहिजे. बसस्टँडजवळ खताच्या दुकानाच्या माडीवर अंकुर घाटोडेचा क्लास होता. अंकुर तिशीतला, इंजिनीअर झालेला, पुण्याची नोकरी सोडून आलेला. आवाज असा गोड की ऐकणाऱ्याला आपलं भलं झाल्यासारखंच वाटावं. तो फळ्यावर तीन रंगांत रेषा ओढायचा आणि म्हणायचा, "बाजार आपल्यासंग बोलून राहिला. आपल्याले ऐकता आलं पाहिजे."

क्लासात अकरा जण होते. सकाळी सव्वानऊला बाजार उघडायचा, त्याच्या आधी अंकुर सरांचा निरोप ग्रुपवर यायचा: आज चढेल, नाहीतर आज पडेल. त्याप्रमाणे मंडळी सौदा करायची आणि दुपारी साडेतीनच्या आत मिटवून मोकळी व्हायची. चढेल वाटलं तर 'कॉल' घ्यायचा, पडेल वाटलं तर 'पुट'. बाकीची सगळी विद्या रेषांची.

पुष्पाबाईंना दवाखान्यातली एक खोड होती. औषध किती मोठ्या डॉक्टरानं लिहिलं, यावर त्या जात नसत; ताप उतरला का, ते पाहत. त्यांनी एक जुनी वही घेतली. डाव्या बाजूला सर काय म्हणाले, उजव्या बाजूला बाजारानं काय केलं. छप्पन्न दिवस लिहिलं आणि एका दुपारी डाळ शिजेपर्यंत बेरीज केली. छप्पन्नपैकी एक्केचाळीस दिवस सर चुकले होते.

त्या पुन्हा मोजायला बसल्या. एक्केचाळीसच.

"अवो," त्यांनी मनोहररावांना हाक मारली. मनोहरराव वीज खात्यातून निवृत्त झालेले, बोलायला फार काटकसरी. "एखादा माणूस इतक्या वेळा चुकू शकते का जी?"

"डोळे मिटून सांगितलं असतं तरी अर्धे बरोबर आले असते," मनोहरराव म्हणाले.

"तेच म्हणून राहिली मी. हा पोरगा मेहनत करून चुकून राहिला."

दुसऱ्या दिवसापासून सर 'चढेल' म्हणाले की पुष्पाबाई पुट घ्यायच्या, 'पडेल' म्हणाले की कॉल. रक्कम भाजीपाल्याएवढी. पण महिनाभरात त्या पैशातून मिक्सर आला, आणि मनोहररावांनी पहिल्यांदाच या विषयात स्वतःहून तोंड उघडलं. "कोणाले सांगू नको," ते म्हणाले.

मग तो आठवडा आला. परदेशात कुठंतरी मोठ्या लोकांचं आयातीच्या करावरून बिनसलं आणि सोमवारी आपला बाजार उघडताच दगडासारखा खाली गेला. ग्रुपवर कालवा माजला. अंकुरनं निरोप टाकला: "घाबरू नका. हा सेल लागला आहे. दुपारपर्यंत सगळं वर येईल. घ्या."

पुष्पाबाईंनी हात जोडले आणि पुट घेतला. दुपारपर्यंत बाजार आणखी खाली गेला. मंगळवारी सर म्हणाले, "काल तळ लागला." बुधवारी म्हणाले, "खरा तळ आज." तिन्ही दिवस पुष्पाबाईंनी तोवर मिळालेलं सगळं लावून पुट घेतला आणि तिन्ही दिवस त्यांना स्क्रीनकडे बघून आपलाच चष्मा पुसावा लागला. दवाखान्याच्या सहा महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम त्या तीन दिवसांत खात्यात येऊन बसली होती.

क्लासातला सुखदेव मात्र बुधवारी ग्रुपवरच बरसला. त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकानात भरायच्या मालाचे पैसे सरांच्या तळात बुडाले होते. "सर, तुमच्या तळाले बूड आहे का नाही?" एवढं लिहून तो ग्रुपमधून निघून गेला. त्याच्यामागं आणखी चौघं.

गुरुवारी सकाळी निरोपच आला नाही.

नऊ वाजले. नऊ वाजून दहा झाले. पुष्पाबाई मोबाइल हातात धरून ओट्यापाशी उभ्या होत्या. बाजार उघडला, हलू लागला, आणि कुठं जाईल याचा त्यांना काडीचाही अंदाज येईना. सर बोललेच नाहीत तर उलट तरी कशाच्या जायचं? त्यांनी दिवसभर एकही सौदा केला नाही. दुपारी कोथिंबीर भरून सांबारवड्या तळल्या, डब्यात भरल्या आणि क्लासचा जिना चढल्या.

अंकुर एकटाच होता. दाढी वाढलेली. फळा भिंतीवरून उतरवून ठेवला होता.

"बंद करून राहिलो मावशी. आपल्याच्यानं होत नाही हे."

"बस. पयले खाऊन घे."

त्यानं एक वडी खाल्ली, मग दुसरी. पुष्पाबाई म्हणाल्या, "पाह्य अंकुर, खोटं बोलायची मले सवय नाही. तुह्या सल्ल्यानं माहा जेवढा फायदा झाला, तेवढा या जन्मात कोणाच्याच सल्ल्यानं झाला नाही."

"खरंच मावशी?"

"बुद्धाची आण. तू बोलला नाही त माह्या हातून सौदाच होत नाही. आज पाह्य, दिवस फुकट गेला माहा."

अंकुरच्या डोळ्यांत पाणी आलं. जिना उतरताना पुष्पाबाईंना वाटलं, आपण एकही शब्द खोटा बोललो नाही, पण खरंही सांगितलं नाही. घरी मनोहररावांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या पोराले सलाईन लावून आली का त्याचं रक्त काढून?"

शुक्रवारी निरोप आला. अंकुर आता पुरता धसकला होता. "आणखी मोठी पडझड येईल. सगळे पुट घ्या." पुष्पाबाईंनी कॉल घेतला. त्या दिवशी बाजार पाखरासारखा वर गेला. ग्रुपमध्ये उरलेले सहाही जण बुडाले, म्हणजे पाच. सहाव्या पुष्पाबाई होत्या.

आता मात्र त्यांना राहवेना. रविवारी त्यांनी अंकुरला जेवायला बोलावलं, आणि ताट वाढण्याआधी वही त्याच्यापुढं ठेवली.

अंकुरनं पहिलं पान वाचलं. मग शेवटपर्यंत सगळी पानं उलटली. कान लाल झाले. मनोहरराव उठून अंगणात झाडांना पाणी घालायला गेले.

"म्हणजे तुमी माह्या उलट..."

"हाव."

"रोज?"

"रोज. रागावू शकते तू. हक्क आहे तुहा."

अंकुरनं वही मिटून बाजूला सरकवली. मग त्यानं विचारलं, "मावशी, मग मी सोता माह्या उलट केलं त?"

पुष्पाबाईंना हे सुचलंच नव्हतं. जेवणं होईपर्यंत दोघांचं ठरलं: सोमवारी अंकुरनं मनात जे येईल त्याच्या उलट सौदा करायचा, आणि पुष्पाबाईंनीही तोच करायचा.

सोमवारी नऊ वाजता त्याचा फोन आला. "मावशी, मले वाटून राहिलं पडन. म्हणजे चढन. पण 'चढन' हे बी आता मीच ठरवलं न. म्हणजे मग पडन?"

"पयलं काय वाटलं होतं तुले?"

"तेच आता आठवून नाही राहिलं."

सव्वानऊ झाले. शेवटी दोघांनी कॉल घेतला. बाजार त्या दिवशी सकाळी होता तिथंच दुपारपर्यंत बसून राहिला, आणि नुसत्या वेळेनंही घटत जाणारी दोघांच्या कॉलची किंमत उन्हातल्या बर्फासारखी विरघळली. संध्याकाळी अंकुर फोनवर हसत होता. आठवड्यात पहिल्यांदाच.

पुढं त्यानं सल्ले देणं सोडलं. क्लास चालू आहे, पण आता नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी कोरी वही देतो आणि सांगतो, तीन महिने फक्त आपले अंदाज लिहा, पैसे लावू नका. बहुतेक जण दुसऱ्या महिन्यातच यायचे बंद होतात, आणि त्यांचे पैसे वाचतात. सुखदेव परत आला, त्याची वही सर्वांत नीट असते. त्याच्या दुकानाचा माल पुष्पाबाईंनी भरून दिला. त्यानं कारण विचारलं तर म्हणाल्या, "सरांची फी बाकी होती माही." त्याला काही कळलं नाही.

पुष्पाबाई अजून सौदा करतात, भाजीपाल्याएवढाच. पण उलट जायला माणूस नाही म्हणून त्यांचं मन लागत नाही. परवा नऊ वाजता चहाचा कप पुढं सरकवत त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "अवो, आज बाजार चढन का पडन जी? तुमाले काय वाटते?"

मनोहररावांनी कपातून वर पाहिलं, मोबाइलवर तयार ठेवलेलं बायकोचं बोट पाहिलं, आणि बिस्कीट चहात बुडवलं.

"साखर कमी आहे," ते म्हणाले.