वदिनांचे पाच महिने

माझ्या नोकरीतली बरीच प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला, हे आठवायला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागतात. सोलापुरातल्या या एका प्रकरणासाठी मात्र मला डायरी लागत नाही. त्यातली माणसे, त्यांचे बोलणे, एवढेच काय, त्या दिवशी खोलीत कोण कोणत्या खुर्चीवर बसले होते, तेही मला आज सांगता येईल. संबंधित मंडळी सुखाने नांदत आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

गुन्हे शाखेत बरीच वर्षे काढल्यावर माझी बदली विशेष शाखेत झाली होती. शहरात राहणाऱ्या परदेशी नागरिकांची नोंद, व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद, पासपोर्टची पडताळणी, असे ते काम. चोर पकडणाऱ्या माणसाच्या हातात शिक्के दिले, असे मी घरी चिडून म्हणालो होतो. शाखेत माझ्या हाताखाली एक महिला हवालदार होत्या. त्या कागदापेक्षा समोरच्या माणसाकडे जास्त बघायच्या.

एके दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाकडून एक फाइल चौकशीसाठी आली. केनियात जन्मलेल्या एका बाईंनी भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज केला होता. त्यांचा नवरा सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातला. मागाचा फिटर म्हणून तो तिकडच्या कापड गिरणीत गेला, तिथेच लग्न केले आणि बायकोला घेऊन परत आला. काही वर्षांनी तो हृदयविकाराने गेला. सासू-सासरे आधीच गेले होते. नवरा असता तर भारतीयाची पत्नी म्हणून अर्ज करता आला असता. आता बाईंना देशीयकरणाचा लांबचा रस्ता धरावा लागला होता. त्यात बऱ्याच वर्षांचे वास्तव्य लागते, अर्जाच्या आधीचे सलग बारा महिने देशात असावे लागते, वागणूक चांगली लागते आणि देशातली एखादी मान्य भाषा यावी लागते. वास्तव्य आणि वागणूक यांचा अहवाल द्यायचा होता मला.

पेठेत सगळे त्यांना 'वदिना' म्हणत. तेलुगूत वदिना म्हणजे वहिनी. शेजारीपाजारी चांगलेच बोलत होते आणि आठवडाभरात फाइल हातावेगळी होईल असा माझा अंदाज होता.

तेवढ्यात टपालात एक निनावी अर्ज आला. वहीच्या पानावर नीटनेटक्या अक्षरात लिहिले होते, की या बाईंकडे दोन पासपोर्ट आहेत. मागच्या वर्षी पाच महिने त्या सोलापुरात नव्हत्या. त्या कुठे होत्या, कोणाच्या घरी होत्या, सोबत कोण होते, याचा कसून तपास व्हावा आणि खरा पत्ता शोधून काढावा. खाली 'एक जागरूक नागरिक'.

निनावी अर्ज बहुतेक वेळा द्वेषातून येतात, पण म्हणून ते फेकून देता येत नाहीत. मी घराची पाहणी केली. पासपोर्ट एकच निघाला. विमानतळांच्या नोंदी मागवल्या. बाई देशाबाहेर गेल्याची नोंद नव्हती. म्हणजे पहिला आरोप खोटा होता. पण दुसऱ्या आरोपाचे काय? खालच्या खोलीतल्या भाडेकरूने मान खाली घालून सांगितले, "पाच महिने वरच्या खोलीला कुलूप होतं साहेब. कुठं गेल्या ते आम्हालाबी सांगितलं न्हाय."

नोंदलेला पत्ता सोडून परदेशी नागरिक आठ आठवड्यांपेक्षा जास्त काळ बाहेर राहणार असेल, तर तसे कळवावे लागते. वदिनांनी कळवले नव्हते. मी त्यांना जबाबासाठी बोलावले.

उंच, सडपातळ बाई. साधी सुती साडी, केस घट्ट बांधलेले. हवालदारांनी पाणी दिले तेव्हा "राहू द्या की ताई, मी घेते" म्हणत स्वतः उठल्या.

मी विचारले, "मागच्या वर्षी पाच महिने कुठे होतात?"

"भारतातच होते साहेब."

"भारत मोठा आहे."

"व्हय. पन पायाखालची जमीन हितलीच होती."

"गाव सांगा."

त्या गप्प. मी पुन्हा विचारले. आवाज चढवून विचारले. मग समजावून सांगितले, की वास्तव्याचा पुरावा मिळाला नाही तर अहवाल विरोधात जाईल, अर्ज फेटाळला जाईल आणि उद्या व्हिसाची मुदत वाढवून मिळाली नाही तर देश सोडावा लागेल.

"म्हाईत हाय साहेब," त्या म्हणाल्या. "तिकडं आता माजं कुनी न्हाय. आई गेली. हितं मात्र सगळं हाय. तरी गावाचं नाव सांगनार न्हाय."

गुन्हे शाखेत मी कितीतरी गप्प माणसे पाहिली आहेत. अपराधी माणूस गप्प बसतो तेव्हा त्याचे डोळे दाराकडे जातात. या बाई माझ्या डोळ्यांत बघत होत्या आणि त्यांचे हात मांडीवर सारखे हलत होते. मी त्याला घाबरणे समजलो. तीन वेळा बोलावले. तिन्ही वेळा तेच उत्तर. प्रतिकूल अहवालाचा मसुदा मी तयार करून ठेवला.

त्याच सुमारास एक गृहस्थ वदिनांच्या चौकशीबद्दल विचारायला शाखेत येऊ लागले. स्वच्छ इस्त्रीचे कपडे, हात जोडून बोलणे. "मी सहज आलो साहेब. पेठेत चर्चा आहे, म्हणून विचारतो." मला माणूस सभ्य वाटला. मी त्यांना चहासुद्धा पाजला, हे आज लिहितानाही मला बरे वाटत नाही. तिसऱ्यांदा ते येऊन गेले तेव्हा हवालदारबाई माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, एक बोलू का?"

"बोला."

"तक्रार करणारा माणूस विचारतो, कारवाई झाली का. हा तसं विचारत नाही. हा दर वेळी विचारतो, पत्ता लागला का."

मी ड्रॉवरमधून तो निनावी अर्ज काढला. पुन्हा वाचला. पासपोर्टवर एक ओळ. पाच महिन्यांवर सगळे पान. लिहिणाऱ्याला बाईंचे नागरिकत्व अडवण्यात रस नव्हताच. कोणाचा तरी ठिकाणा हवा होता त्याला, आणि तो त्याला माझ्याकडून शोधून घ्यायचा होता. फाटकावरच्या भेटणाऱ्यांच्या वहीत त्या गृहस्थांचे नाव आणि गाव होते. गाव मोहोळ तालुक्यातले. अक्षरही तेच.

दुसऱ्या दिवशी मी वदिनांना बोलावले. या वेळी समोर कागद ठेवला नाही.

"वदिना, मला पत्ता सांगू नका," मी म्हणालो. "एवढंच सांगा, तो पत्ता कोणाला हवाय? मोहोळकडच्या माणसाला?"

त्यांनी तोंडावर पदर घेतला. हवालदारबाईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग त्या बोलू लागल्या आणि सगळी हकिगत बाहेर आली.

त्यांची एक नणंद होती. जन्मापासून ऐकू न येणारी, म्हणून बोलताही न येणारी. शाळेत कोणी घातले नाही. वदिना नव्या नवरी म्हणून या घरात आल्या, तेव्हा घरातली भाषा दोघींनाही कळत नव्हती. एकीला ऐकू येत नव्हते, दुसरीला तेलुगू येत नव्हते. दोघी हातांनी बोलायला शिकल्या. शेजारच्या पेठेतल्या कर्णबधिर मुलांच्या शाळेत जाऊन वदिनांनी खुणांची भाषा शिकून घेतली आणि नणंदेला शिकवली. पुढे नणंदेचे लग्न मोहोळ तालुक्यातल्या या गृहस्थाशी झाले. तो मारहाण करायचा. भाऊ वारल्यावर तिला विचारणारे कोणी राहिले नाही, असे त्याला वाटले.

"मग मीच गेले आनि तिला घिऊन आले," वदिना म्हणाल्या. "सोलापुरात ठेवली असती तर त्यानं दुसऱ्या दिवशी गाठली असती. दुसऱ्या गावाला नेली. ती कामाला लागंस्तवर, तिची भीती जाईस्तवर सोबत राहिले. तिला वचन दिलंय साहेब, ठिकाना कुनाला सांगनार न्हाय म्हनून."

"पोलिसांना तरी सांगायचं होतं."

"ती गेली होती की पोलिसांकडं. एका चौकीत. तिची भाषा कळंना म्हनून त्यांनी नवऱ्यालाच बोलवलं. तो म्हनाला, ती म्हनतीया चूक झाली, घरी जायचंय. तिचा अंगठा घेतला आनि त्याच्याच गाडीवर बसवून दिली."

खोलीत आम्ही दोघे खाकीतले होतो.

मी म्हणालो, "तिला विचारून बघा. तिची इच्छा असेल तरच तिला घेऊन या. नसेल तर मी दुसरा मार्ग बघतो. एवढा शब्द देतो."

दोन दिवसांनी, सकाळी कार्यालय उघडायच्या आधी, फाटकावर तीन बाया उभ्या होत्या. वदिना, त्यांची नणंद आणि अक्कलकोटच्या एक अक्का. या अक्कांचा घरीच कडक भाकरी करून विकण्याचा व्यवसाय होता. मी काही विचारायच्या आत त्यांनी सुरुवात केली.

"हौदु, व्हय साहेब, माज्याकडंच व्हत्या. पाच म्हयने. सकाळधरनं दोगी भाकऱ्या थापायच्या. ही उंच बाई आली तवा गल्ली बगायला गोळा झाली. आता गल्लीच इचारतीया, ती कवा येनार म्हनून."

त्या पाच महिन्यांत वदिनांना एकदा ताप आला होता. तेव्हाचा सरकारी दवाखान्याचा केस पेपर अक्कांनी जपून ठेवला होता. त्यावर नाव होते, तारीख होती. वास्तव्याचा याहून चांगला पुरावा मला नको होता.

नणंदेचा जबाब घ्यायचा होता. वदिना स्वतः नात्यातल्या, शिवाय त्यांच्याच अर्जाची चौकशी चाललेली. म्हणून मी कर्णबधिर शाळेतल्या एका शिक्षिकेला दुभाषी म्हणून बोलावले आणि सगळ्या जबाबाचे व्हिडिओ चित्रीकरण केले. दोन तास ती बाई हातांनी बोलत होती. मध्ये एकदाही थांबली नाही.

मग मी त्या सभ्य गृहस्थांना फोन लावला. "या. तुम्हाला हवी होती ती माहिती आली आहे."

मोहोळहून ते किती वेगाने आले असतील कोण जाणे. हसत आत शिरले आणि बायकोला खुर्चीत बसलेली पाहून जागीच थांबले. पण लगेच सावरले. हात जोडून पुढे आले.

"बरं झालं साहेब, सापडली. तिला काय बी कळत न्हाय. ती काय म्हनतीया ते मी सांगतो की."

"तिकडे बसा," मी म्हणालो. "आज तुम्ही सांगायचं नाही."

नणंद उभी राहिली. तिचे हात हलू लागले आणि दुभाषी शिक्षिका तिच्या शब्दांत बोलू लागल्या. "मला सगळं कळतं. हा माझ्या हातांवर मारायचा. मी कोणाला काही सांगू नये म्हणून हातांवरच मारायचा."

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. डाव्या हाताची दोन बोटे वाकडी जुळली होती.

गुन्हा दाखल झाला, अटक झाली. वैद्यकीय तपासणीत बोटांची हाडे पूर्वी मोडल्याचे सिद्ध झाले. न्यायालयातही तीच शिक्षिका दुभाषी होती आणि त्याला शिक्षा झाली. चौकीत अंगठा घेतलेला तो कागदही मी शोधून फाइलला लावला. काही सहकाऱ्यांना ते आवडले नाही.

वदिनांचा अहवाल मी नव्याने लिहिला. पत्ता सोडल्याचे कळवले नाही, ही त्यांची चूक लपवली नाही. त्यांचा लेखी खुलासा जोडला आणि ती का झाली हे सविस्तर लिहिले. वागणुकीच्या रकान्यात मी एरवी 'समाधानकारक' एवढा एकच शब्द लिहीत असे. त्या दिवशी रकाना पुरला नाही, स्वतंत्र पान जोडले.

त्यानंतर बरेच महिने गेले. भाषेच्या चाचणीला अधिकाऱ्यांनी त्यांना विचारले, "मराठी बोलता येतं का?"

"येतं की! लई बोलते मी. थांबवायचं काम तुमचं."

अधिकारी खुर्चीत मागे रेलून हसले. मग वदिनांनी वर्तमानपत्राचा अग्रलेख खडाखडा वाचून दाखवला आणि त्यातला एक मुद्दा पटत नाही, असेही सांगितले.

मंजुरीचे पत्र आले तेव्हा जुना पासपोर्ट परत करावा लागला. तो देताना त्यांनी एकदा उघडून आईच्या गावाचे नाव पाहिले आणि मिटून टेबलावर ठेवला. शपथेच्या दिवशी मला आमंत्रण होते. निवृत्तीला थोडेच दिवस राहिले होते, तरी मी गणवेश घालून गेलो. पेठेतून निम्मी गल्ली आली होती, अक्कलकोटहून अक्का आल्या होत्या. नणंद पहिल्या रांगेत होती.

वदिना उभ्या राहिल्या. शपथेचे शब्द मोठ्याने बोलू लागल्या आणि त्याच वेळी त्यांचे हातही बोलू लागले. भारताच्या संविधानाबद्दल खरी श्रद्धा आणि निष्ठा बाळगीन, हे सगळे त्या तोंडाने सांगत होत्या आणि हातांनी नणंदेला. शेवटचा शब्द संपताच नणंदेने दोन्ही हात वर करून हवेत हलवले. ऐकू न येणारी माणसे अशीच टाळी वाजवतात. एकामागोमाग सगळ्या सभागृहाचे हात वर गेले. माझेही गेले.

शाखेत ऑनलाइन नोंदीबरोबर परदेशी नागरिकांचे एक जाड रजिस्टरही असे. दुसऱ्या दिवशी त्यातल्या वदिनांच्या नावावर लाल शाईने रेघ मारली आणि शेरा लिहिला: नोंद बंद, भारतीय नागरिक. मी तीस-बत्तीस वर्षांत पुष्कळ फाइली बंद केल्या. इतक्या आनंदाने एकही केली नव्हती.

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या, आणि त्या मला उशिरा कळल्या याची खंत आहे. गप्प बसलेला माणूस काय लपवतो आहे, हेच मी आयुष्यभर शोधत आलो. तो कोणाला वाचवतो आहे, असा प्रश्न मला कधी पडला नव्हता. दुसरी गोष्ट नव्या अधिकाऱ्यांना व्याख्यान द्यायला जातो तेव्हा आवर्जून सांगतो. ठाण्यात एखादी बाई आली आणि तिच्या वतीने दुसराच कोणी बोलायला लागला, तर आधी त्याला बाहेर बसवा. मग तिला खुर्ची द्या आणि तिची भाषा जाणणारे माणूस शोधून आणा. वेळ लागला तर लागू द्या.