बाहेरची कडी

१२ नोव्हेंबर. दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालायला घेतलं होतं. मागच्या खोलीशी आले आणि हात थांबला. त्या दाराला बाहेरून कडी आहे. ती मीच लावून घेतलेली. ‘काढली का?’ असं भेटेल तेव्हा विचारणारी हळूबाई मागच्या आठवड्यात वारली.

हे नाव आमच्या सौंसरच्या गल्लीनं ठेवलेलं. ती मनोरुग्णांच्या वॉर्डात आया होती, निवृत्त होऊन इथे आली. चाल तुरुतुरु, बोलणं मात्र हळू. कोणी तावातावानं बोलू लागलं की ही आधी खाली बसायची. भाजीवाल्याशी माझं जुंपलं तेव्हाही भर रस्त्यात बसली. “वरून बोललं का माणूस अजून चढते, ताई.” भाजीवाला हसत सुटला, भांडण संपलं. हे तिला कसं जमतं, याचं मला कुतूहल वाटू लागलं.

माझा थोरला भाऊ, दादा, माझ्याकडे राहतो. त्याला नसलेले आवाज ऐकू येतात. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी नवी गोळी दिली. आवाज थांबले, पण आठवडाभरात दादा बसेनासा झाला. अर्ध्या जेवणातून उठायचा, अंगणात येरझारा घालायचा. धरायला गेले तर त्यानं मला ढकललं. आजार वाढला, असंच आम्ही धरून चाललो. बोरगावची आत्या म्हणाली, “जामसांवलीच्या देवळात नेऊन पाहा.” मी सुतार बोलावला.

कडी लागली त्याच दुपारी हळूबाई आली. बांगड्या वाजू नयेत म्हणून काढून ओट्यावर ठेवल्या, कडी उघडली आणि दार न अडवता उंबऱ्याच्या बाजूला बसली.

“भाऊ, मन पळून राहिलं का पाय?”

दादा थबकला. आम्ही सगळे ‘काहून चालून राहिला’ एवढंच विचारत होतो.

“पाय,” तो म्हणाला. “बसलो का आतून मुंग्या सुटतात. मी मारत नाही कोणाले, मावशी. मले फक्त चालू द्या.”

“आवाज?”

“ते तर चूप आहेत.”

हळूबाई माझ्याकडे वळली. “मंग हे बिमारीचं नसन, ताई, गोळीचं असन. आजच डॉक्टरले सांगा. पण आपल्या मनानं गोळी बंद नोका करू.”

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं आणि गोळी बदलली. काही दिवसांनी दादा पूर्ण जेवण बसून जेवला. मी दुसरी पोळी वाढली.

तुला हे कसं कळलं, असं मी तिला विचारलं होतं. “वॉर्डात एकाले आम्ही पलंगाले बांधलं होतं. तो ‘पाय, पाय’ म्हणून राहिला होता. मले वाटलं, बडबडते. तवापासून आधी विचारतो.”

कडी मात्र राहिली. मी म्हणायची, “असू दे, वेळ सांगून येते का?” ती म्हणायची, “ते भाऊसाठी नाही लावली तुम्ही, ताई. तुमच्या भेवासाठी लावली.” मला ते आवडत नसे. खरं होतं म्हणूनच.

१३ नोव्हेंबर. सकाळी कडीचे स्क्रू काढायला पेचकस घेऊन बसले. दादानं दार धरलं. कडी निघाल्यावर म्हणाला, “आता चोर आला तं?”

मी तीच कडी आतल्या बाजूनं बसवली. “घे. तू लावजो.”