दगडाला पाजलेलं भज्यांचं तेल

माझ्या धाकट्या भावाला तेलातलं काही कळत नाही. हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय, तेव्हा इथे लिहायला कसली लाज? लोणावळ्यात त्याची भज्यांची गाडी आहे. दिवसभर कढईपाशी उभा असतो, म्हणून स्वतःला तेलाचा बादशहा समजतो.

अब्बा खाटीक. दुकान बंद करून ते लोणावळ्याजवळच्या वडिवळे गावी ह्या भावाकडे राहायला गेले, पण बकरी ईदला घरची कुर्बानी स्वतःच्या हातानं करायची, हे काही त्यांनी सोडलं नाही. सुरी अशी हवी की जनावराला कळायच्या आत काम व्हावं, एवढंच त्यांचं म्हणणं. वर्षभर त्या एका सकाळवर त्यांचा जीव असायचा. त्यामुळे धार लावायचा दगड आणि त्यावर टाकायचं तेल हा आमच्याकडे चेष्टेचा विषय नव्हता.

ते तेल मी शोधलं. मी ब्लाउज शिवते, घरात शिलाई मशीनचं तेल असतंच. दगडाला ते झकास चालायचं, पण अब्बा म्हणाले, "मशीनचं त्याल मटणाला लागंल. न्हाई चालायचं." खोबरेल टाकलं, तर लोणावळ्याच्या थंडीत दगडावरच थिजलं. रॉकेलचा वास सुरीला धरून बसला. शेवटी औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं, बद्धकोष्ठाला देतात ते. वास नाही, चव नाही, आणि कितीही दिवस गेले तरी चिकट होत नाही. अब्बांनी चार थेंब टाकून सुरी फिरवली. लोखंडाचा काळा कीस तेलाबरोबर वर आला. "व्हय, हे खरं त्याल," म्हणाले.

भाऊ खो खो हसला. "आपा, सुरीचं पोट साफ करायचंय का? अगं, तेल ते तेल!" उचलली जीभ लावली टाळ्याला. मी बजावलं, बाबा रे, खायचं तेल सुकून घट्ट होतं, दगडाची छिद्रं बुजतात. तर म्हणे, तू तुझे ब्लाउज शिव.

त्या वर्षी मला थेट ईदच्या सकाळीच गावी पोचता आलं. भाऊ म्हणाला, सुरी कालच पाजवलीय, काळजी नको. आमच्यात जनावरासमोर सुरी पाजवत नाहीत, त्याला दाखवतही नाहीत, म्हणून ती फडक्यात गुंडाळून ठेवलेली. नमाज झाली, बकरा अंगणात आणला आणि अब्बांनी घरामागे जाऊन फडकं सोडलं. पातं नखावर टेकवलं. धार असती तर नखात रुतली असती. ही सरळ घसरली.

मी धावत जाऊन दगड काढला. कढईच्या कडेला जमतो ना, तसला पिवळा चिकट थर होता वर. मी मागाहून आणून ठेवलेली नवी बाटली कपाटात जशीच्या तशी, बूचही उघडलेलं नाही. ह्या शहाण्यानं किती महिने गाडीवरचं उरलेलं तेल दगडाला पाजलं होतं, अल्लाला ठाऊक! तो दगड उचलून त्याच्याच टाळक्यात घालावा असं वाटलं मला.

"अब्बा, थांबा, सोड्यानं घासून काढते."

"न्हाई. जनावर आणलंय. त्याला ताटकळत ठेवायचं न्हाई."

घरोघर कुर्बानी करत फिरणारा खाटीक दारात आलाच होता. त्यानं आपली सुरी पुढे केली. अब्बांनी मान हलवली. "दुसऱ्याच्या सुरीचा मला अंदाज न्हाई. चुकलं तर तरास त्या मुक्या जीवाला. तूच कर." बकऱ्याच्या पाठीवरून हात फिरवून ते बाजूला झाले.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी गिळलंही असतं. पण दुपारी वाटे न्यायला गावची माणसं आली. कुणीतरी विचारलं, "यंदा चाचांनी न्हाई केली व्हय?" आणि माझा भाऊ, चोर तो चोर वर शिरजोर, म्हणाला, "अब्बांचा हात थरथरतो आता. राहिला नाही हात."

अब्बा शेजारीच बसले होते. मी ओरडले, "खोटारड्या! हात नाही, सुरी बोथट होती. आणू का दगड सगळ्यांसमोर?" अब्बांनीच मला गप्प केलं. सणाचा दिवस हाय, म्हणाले. मुलाची लाज झाकायला त्यांनी ते खोटं अंगावर घेतलं, आणि मुलगा मेला खाली मान घालून वाटे भरत राहिला. मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही.

चाचांचा हात गेला, ही गोष्ट गावभर झाली. पुढच्या ईदला मी स्वतः सुरी पाजवून नेली, नखावर टेकवून दाखवली. अब्बांनी ती हातात घेतली नाही.

"हात राहिला न्हाई गं," म्हणाले.

त्याच संध्याकाळी कुर्त्याची उसवलेली बाही टाचायला घेतली, तर मी चष्मा घरीच विसरलेले. सुईत दोरा अब्बांनी ओवून दिला. पहिल्याच फटक्यात.