आज पहाटेच तोडलीत!

लग्नाला सहा महिने होतील. माहेरून आईचा फोन आला की ती हमखास विचारते, “करमतं ना ग?” न करमायला काय झालं! सासरचं कर्वेनगरात फुलांचं दुकान आहे आणि मनासारखी नोकरी लागेपर्यंत मी तिथे बसते. मी मुळात कमी बोलणारी. कमी बोलणाऱ्या माणसाला लोक हळूहळू स्टूल समजायला लागतात आणि त्याच्यासमोर काहीही बोलतात. त्यामुळे किस्से गोळा करायला मला कुठे जावं लागत नाही. ते स्वतः चालत येतात, वर “पिशवी द्या” म्हणतात.

दुकान सासऱ्यांचं, म्हणजे अण्णांचं. नवरा मंदार खराडीला आयटीत. त्याच्या मते गाळा सरळ केकवाल्याला भाड्याने द्यावा. बरीच वादावादी होऊन घरात ठरलं, की तुळशीच्या लग्नापर्यंत एखाद्या मंगल कार्यालयाची अख्ख्या सीझनची ऑर्डर मिळाली तर दुकान राहील. नाहीतर केक. त्या दिवसापासून अण्णांनी केक खाणं सोडलंय.

*

मार्केट यार्डात पहिल्यांदा गेले ती अण्णांबरोबर, पहाटे, स्कूटरवर. “अठ्ठावीस वर्षं एकाच गाळ्यावरून माल घेतोय! फुलं कुठेही मिळतात, संबंध मिळत नाहीत!” हे त्यांनी मला वाऱ्यात ओरडून सांगितलं.

गाळ्यावर शेठनी चहा मागवला. अण्णा शेवंती चाचपायला वळले. तेवढ्यात शेठनी समोरच्या ढिगातून गुलाबाच्या सहा गड्ड्या उचलल्या आणि टेबलाखाली सरकवल्या. मी समोरच उभी होते, पण स्टुलाला कोण लाजतंय! अण्णा परत आले तशा शेठनी वाकून त्याच गड्ड्या टेबलाखालून बाहेर काढल्या.

“अण्णा, खास तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवला होता माल!”

अण्णा अभिमानाने माझ्याकडे वळले. “बघितलंस?”

“बघितलं,” मी म्हणाले.

*

ते गुलाब दुकानात आले की रोज सकाळी त्यांची सोलाई होते. सुकलेली वरची पाकळी काढायची, आतून टवटवीत गुलाब निघतो. दुसऱ्या दिवशी आणखी एक थर. म्हणजे सगळ्या जगात फूल दिवसागणिक म्हातारं होतं, आमच्याकडे तरुण होतं!

एकदा चार दिवसांचा गुलाब एका बाईंनी हातात घेतला. “अय्या, किती नाजूक कळी!”

“आज पहाटेच तोडलीत,” अण्णा म्हणाले.

अगदीच खोटं नव्हतं. पहाटे काहीतरी तोडलं होतं खरं.

*

गिऱ्हाइकं तरी काय सरळ असतात! एक मॅडम आल्या. गळ्यात ऑफिसचं कार्ड, हातात स्वतःची स्टीलची बाटली. “मी फक्त लोकल फ्लॉवर्स घेते. प्लॅनेटचा विचार करायला हवा ना.” मग दुकानभर फिरून त्यांनी बोट ठेवलं ते जांभळ्या ऑर्किडवर.

“ही परदेशातून येतात, विमानाने,” अण्णांनी चुकून खरं सांगितलं.

मॅडमचा चेहरा पडला. “मग लोकल नाहीत?”

“उतरतात लोहगावला. म्हणजे लोकलच झाली की!”

मॅडमनी दोन मिनिटं विचार केला. प्लॅनेटचाच केला असणार. आणि सहा दांड्या घेतल्या.

*

श्रावणात शेठनी निळी शेवंती गळ्यात मारली. “बेंगलोरचा माल, अण्णा. नवीन व्हरायटी.” मी गड्डी उचलली तर बोटाला रंग. मी अण्णांना बोट दाखवलं. अण्णा म्हणाले, “परागकण असतील.”

एका आजोबांनी पूजेसाठी पावशेर नेली. नेताना विचारलं, “ही निळी कुठे पिकते हो?”

“बेंगलोर!”

तासाभराने आजोबा परत. धोतरावर निळं, उपरण्यावर निळं, दहाही बोटं निळी. आवाज मात्र अगदी शांत.

“आपलं बेंगलोर आमच्या बाळकृष्णाला लागलंय. आता तो जन्मभर निळाच राहणार, त्याची हरकत नाही, त्याला शोभतो. मी काय करू?”

दुसरा कोणी ओशाळला असता. अण्णा म्हणाले, “पाणी लावलंत? अहो, फुलांना पाणी कशाला लावायचं!”

*

आता मंदारची हुशारी. म्हणाला, यार्ड, शेठ, सगळं बंद, थेट शेतकऱ्याकडून घ्यायचं. एक्सेल शीट केली, तीन रंगांत. व्हॉट्सअॅपवर जरबेराचा फोटो टाकून खाली लिहिलं, “पन्नास”. मंदारला वाटलं पन्नास फुलं. फुलांच्या धंद्यात जरबेरा दहाच्या गड्डीनेच मोजतात, हे त्याच्या शीटमध्ये नव्हतं. टेम्पोतून पाचशे जरबेरा उतरले, तेही ऐन पितृपक्षात, जेव्हा पुण्यात फुलं घ्यायला कुणी फिरकत नाही! घरातल्या बादल्या भरल्या, पातेली भरली, कुकर भरला. त्या दिवशी पोळीभाजी बाहेरून आणली.

अण्णा दारात उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तुमच्या खराडीत सगळंच असं दहापट येतं का रे? का पगार सोडून?”

*

आणि मग दिवाळीनंतर एका मंगल कार्यालयाच्या मालकीणबाई दुकानात आल्या. अख्ख्या सीझनची ऑर्डर! पण बाई कडक. “हल्ली वधूपक्ष विचारतो, फुलं कुठून येतात. यार्डातला माल मला नको. स्वतःची बाग असेल तर बोला.”

“आहे की! मावळात!” अण्णा म्हणाले. मी अण्णांकडे बघितलं. अण्णा माझ्याकडे बघेनात.

“मग रविवारी दाखवा.”

बाई गेल्यावर अण्णांनी तळेगावच्या बाजूच्या एका गुलाबवाल्या शेतकऱ्याला, बबनरावांना, फोन लावला. तेव्हा मला कळलं, की बबनरावांच्या पॉलीहाउसवर पाटी नाही, पाट्या आहेत. पुण्यातला कुठलाही फुलवाला गिऱ्हाईक घेऊन आला की त्या दिवसापुरती त्याच्या नावाची पाटी गेटवर चढते. त्या बदल्यात त्याने वर्षभर बबनरावांचा गुलाब घ्यायचा, अशी पद्धत आहे. सगळ्या फुलवाल्यांची मिळून एकच बाग!

रविवारी निघालो. मंदार गाडी चालवत होता, शेजारी अण्णा, मागे बाई आणि मी. निघण्याआधी अण्णा मला म्हणाले, “मुक्ता, तू काही बोलू नकोस हं.” एवढं मला जमतं. मग स्वतः वाटभर बोलत राहिले. बाग वडिलांनी कशी लावली, पहिली कळी कशी आली. घाम मात्र थांबत नव्हता. एसी असून रुमाल दोनदा पिळण्याजोगा झाला. ही ऑर्डर गेली असती तर सोमवारी केकवाला माप घ्यायला येणारच होता.

तळेगावच्या पुढे फाटा आला. मंदारने वेग कमी केला. मॅप उजवीकडे दाखवत होता.

“डावीकडे घ्या,” खिडकीबाहेर बघत बाई म्हणाल्या. “उजवीकडचा रस्ता खणलाय.”

अण्णा तेव्हा पाण्याची बाटली शोधत होते. मी बाईंकडे बघितलं. बाई डोंगर बघत होत्या.

पॉलीहाउसचं गेट आलं. गेट अजून कोरंच. आमची गाडी बघून बबनराव हातात पाटी घेऊन धावत आले. “या अण्णा, या! जरा उशीर झाला बघा, हातोडीच घावंना. आता लावतो तुमची...”

तेवढ्यात पलीकडच्या दारातून बाई उतरल्या. बबनराव जागच्या जागी थांबले. एकदा बाईंकडे बघितलं, एकदा अण्णांकडे. मग दोघांनाही मिळून एकच नमस्कार केला.

“अरे वा, बाई, तुमीबी हाय होय! तुमच्या कार्यालयाची पाटी बी आतच हाय, आणू का? आज नेमकी कुणाची लावायची?”

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

बाईंनी चष्मा पदराने पुसला, डोळ्यांवर चढवला आणि म्हणाल्या, “अण्णांचीच लावा. आज बाग मी बघायला आलेय.”