डब्यांखालचं वर्ष

दसऱ्याच्या आधी मी फळीवरचे डबे घासायला उतरवते आणि खालचे जुने पेपर बदलते. टाकण्याआधी ते वाचते. माझी शाळा चौथीपर्यंतच, म्हणून हळूहळू वाचते. आदल्या वर्षी देशात काय काय झालं ते मला असं एका दुपारी कळतं.

निवडून आलेल्या पुढाऱ्याच्या गालावर तेलाच्या बरणीचं वर्तुळ उमटलं होतं. क्रिकेटच्या विजयावर हळद सांडली होती. एका नटीचं लग्न गुळाच्या डब्याला चिकटून वर आलं. तांदळाच्या डब्याखाली पुराची बातमी होती. दिवस भरलेली एक बाई शाळेच्या छपरावर बसली होती आणि होडी निघाली होती. पुढची बातमी पान सातवर.

मी उरलेले सगळे डबे उतरवले. सातवं पान सापडलं, पण फळी अरुंद म्हणून मीच ते कापलं होतं. नेमका तोच भाग गेला होता.

यजमानांना पेपर तोंडपाठ असतो. जेवताना धीर करून विचारलं, "त्या छपरावरच्या बाईचं काय झालं हो?"

"कुठली बाई? सरकार कुणाचं आलं ते विचार की!" ते हसले.

ते मला ठाऊक होतं. ते बरणीखालीच होतं.

होडी वेळेवर पोचली असेल, तर तिचं मूल आता धरून धरून उभं राहत असेल. यंदा मी एकही पेपर कापला नाही. कडा दुमडून घातल्या.