नरसव्वाचा तरवड

बहात्तरच्या दुष्काळात साखर पेठेतल्या नरसव्वा गाजुलच्या घरी चूल बंद पडली नाही. नवरा मागावर जाई, ती विड्या वळी, कसेबसे भागले. पण त्या वर्षी कुंभारीकडच्या माळावरचा तरवड लोकांनी सरपणासाठी मुळासकट खणून नेला. बतुकम्मा आली आणि पद्मशाली बायका फुले रचायला बसल्या, तेव्हा परातीत तरवडाचे पिवळे फूलच नव्हते. वाडवडिलांनी तेलंगणातून आणलेला हा सण. फुलांचे थर चढवून उतरंड रचायची, तिच्याभोवती फेर धरून, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची. पहिला थर तरवडाचा.

नरसव्वाची सासू राजव्वा डोळ्यांनी आंधळी, पण गल्लीची सगळी गाणी तिच्याच गळ्यात. तरवड नाही म्हटल्यावर ती आत जाऊन बसली.

"अत्तम्मा, निदान सुरुवात तरी करून द्या," नरसव्वाने विनवले.

"पायाबिगर भिंत बांधता, अन् मला गायला सांगता व्हय? न्हाय गाणार."

पुढच्या वर्षीही तेच झाले. म्हातारी खंगत चालली होती. ती गेली की तिच्याबरोबर गाणीही जाणार, ही धास्ती नरसव्वाला लागली.

तिने माळावर कुठेतरी तगलेली रोपे शोधून आणली आणि अंगणात लावली. चार दिवसांत त्यांनी माना टाकल्या. शेजारची नीलम्मा अक्कलकोटकडची, शेतकऱ्याची लेक. ती हसली.

"अगं, तरवडाचं मूळ सरळ खाली जातंय. ते तुटलं की झाड गेलं. बी लाव की! अन् लावशील तितंच राहू दे, हलवू नको."

माळावरून शोधून आणलेले बीही सहजी उगवेना. कवच टणक. मग नीलम्मानेच सांगितले, की उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात बी टाकायचे आणि रात्रभर तसेच ठेवायचे. फुगेल तेवढेच पेरायचे. उन्हाच्या कोपऱ्यात पेरले आणि कोंब वर आले, त्या दिवशी नरसव्वाच्या विड्या अर्ध्याच झाल्या.

त्यानंतर तिने झाडाचे लाड मांडले. तांदळाचे धुवण, शेणखत, सकाळ-संध्याकाळ पाणी. झाड वर्षभरात छातीला लागले, उन्हाळ्यातही हिरवेगार राहिले. पण बतुकम्मा आली तरी कळी नाही. त्याही वर्षी राजव्वा आतच बसली.

एके दिवशी बादलीचा आवाज ऐकून म्हातारी उंबऱ्यातून म्हणाली, "जावई आलाय का गं घरी? किती पाजतेस त्याला?"

"मग काय करू अत्तम्मा? फुलतच नाही."

"आमच्या गावात त्याला कोण पाणी घालत हुतं? माळावरचं झाड ते. उपाशी ठेव."

झाडाबद्दल म्हातारी आपणहून पहिल्यांदाच बोलली होती. नरसव्वाने खत बंद केले, बुंध्याशी मुरूम टाकला, हिवाळा सरल्यावर शेंडे छाटले आणि पुढचे सगळे पावसावर सोपवले. भर उन्हात झाडासमोरून भरली घागर घेऊन जाताना तिच्या जिवावर येई.

भाद्रपदात झाड फुलले. अगदी बहरले असे नव्हे, पण पिवळे झुबके लागले. बतुकम्मा सुरू होते त्या अमावास्येला नरसव्वा अधाशासारखी सगळेच खुडू लागली. राजव्वा चाचपडत जवळ आली आणि तिने सुनेचा हात धरला.

"खालच्या फांद्या सोड. शेंगा धरू देत. पुढच्या साली गल्लीतल्या बाया तुज्याच दारात येणार हायत बी मागायला."

"पण थर भरणार नाही, अत्तम्मा."

"पाला घाल की त्याचाच. पाला काय परका हाय?"

म्हातारीने स्वतःच्या हाताने परातीत आधी पाला पसरला, वर फुले मांडली. संध्याकाळी बायकांनी फेर धरला. राजव्वाचा आवाज फाटला होता, तरी तिने ओळ उचलली. मागून म्हणायचे होते नरसव्वाने. ती मुसमुसू लागली.

"रडायला नंतर लई येळ हाय," म्हातारी खेकसली. "आधी म्हण, न्हायतर शिकणार कवा?"

नरसव्वाने पदराने नाक पुसले आणि ओळ म्हटली. ती चुकली. राजव्वाने तीच ओळ पुन्हा सांगितली.