शशिकलाबाईंचं मौन

"तिला बोलायला लावू नका सिस्टर, मौन धरलंय तिनं," शशिकलाबाईंच्या सासूबाईंनी मला दारातच अडवलं.

मी दुपारच्या राउंडला आले होते. सकाळीच शशिकलाबाईंची थायरॉइड काढली होती. थायरॉइड म्हणजे गळ्यातली ग्रंथी; त्यांची सुजून मोठी गाठ झाली होती. बाई येलहंकाला मुलींना गाणं शिकवतात. ऑपरेशननं आवाज जाईल, या धास्तीनं सासूबाईंनी देवीला नवस बोलून मौन ठरवलेलं. आमच्या या कानडी मुलखातल्या जुन्या मराठी घरांत असलं चालतंच. माझ्या माहेरीही तेच, त्यामुळे आधी हसूच आलं.

"अक्का, यांना बोलायला लावणं हे आमचं कामच आहे. आवाज घोगरा झाला, की आत काहीतरी बिघडतंय असं समजायचं."

"मला विचारा की. दुखत नाही, पाणी प्यायली, स्वल्प झोपली. सगळं सरी आहे, काही काळजी नाही."

"तुमचा आवाज खणखणीत आहे हो! ऑपरेशन त्यांचं झालंय."

शशिकलाबाई हसल्या. 'बरी आहे' अशी हातानं खूण केली. पण पाठ उशीला टेकवेनात. कपाळावर घाम होता आणि चादर मुठीत गच्च धरलेली. ड्रेसिंग कोरडं, मॉनिटरवर ऑक्सिजन उत्तम. मी मात्र त्या आकड्यावर विसंबले नाही. गळ्याच्या पेशंटचा ऑक्सिजन अगदी शेवटी पडतो, आणि तोवर फार उशीर झालेला असतो.

"शशिकलाबाई, तुमचं नाव सांगा."

"अगं, नको बोलू..."

"अक्का, गप्प बसा!" मी ओरडलेच. वडीलधाऱ्या बाईवर असा आवाज मी कधी चढवला नव्हता.

शशिकलाबाईंनी तोंड उघडलं. "घट्ट... होतंय." फाटका, घोगरा आवाज. पुढचा श्वास शिट्टी वाजल्यासारखा आत गेला.

मी ड्रेसिंगच्या कडेला बोटं लावली. मान फुगून टणक झालेली. आत रक्त साठत होतं आणि श्वासनळी दाबत होतं. देवा रे, ही बाई माझ्यासमोर गुदमरणार, एवढंच डोक्यात आलं.

बेल दाबली, त्यांना उठवून बसवलं, ऑक्सिजन लावला. ड्यूटी डॉक्टर धावत आले. सर्जन दूर व्हाइटफील्डच्या क्लिनिकमध्ये अडकलेले. त्यांना फोन लावून स्पीकरवर टाकलं.

"सर, ऑपरेशन थिएटर तयार करायला सांगतो," ड्यूटी डॉक्टर म्हणाले.

"ओटीपर्यंत पोचायची नाही ती. तिथंच टाके काप. आत्ता!"

थायरॉइडच्या पेशंटच्या उशाशी टाके कापायचा ट्रे आम्ही ठेवतोच. बहुतेक वेळा तो न उघडताच परत जातो. मी पाकीट फोडलं. डॉक्टरांचा चेहरा पांढराफटक पडलेला.

"सिस्टर, मी हे कधी केलेलं नाही."

"मीही नाही. कापा तुम्ही, मी धरते."

टाके सुटले आणि काळ्या रक्ताच्या गुठळ्या बाहेर आल्या. शशिकलाबाईंनी मोठा श्वास घेतला. मग लगेच ओटीत नेलं, श्वासाची नळी घातली आणि वाहणारी रक्तवाहिनी बांधली.

सासूबाई कॉरिडॉरमध्ये भिंतीला धरून उभ्या होत्या. "मीच तिला गप्प बसवलं हो. गेली असती तर पोराला काय तोंड दाखवलं असतं?"

मी त्यांना धरून बाकावर बसवलं. मीही त्यांच्याशेजारी बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी काढली. शशिकलाबाईंनी सासूबाईंना शोधत इकडेतिकडे बघितलं आणि बसक्या आवाजात विचारलं, "अत्ते जेवल्या का?" मग दचकून तोंडावर हात ठेवला.

सासूबाईंनी तो हात बाजूला केला. "बोल बाई, बोल. देवीला काय सांगायचं ते मी बघते."

आता गळ्याचं ऑपरेशन असलं, की मी नातेवाइकांना आधीच बजावते: नवस, उपास, मौन, सगळं घरी गेल्यावर. इथे पेशंटनं बोलायचं आणि तुम्ही गप्प बसायचं. थोडे रागावतात. रागावू देत.